बँडचा लाइव्ह कार्यक्रम रेकॉर्ड करायचाय, कोणता रेकॉर्डर घेऊ? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मित्रांचा रॉक बँड, चाळीतल्या बँजो पार्टीचा सराव, विसर्जनाचं ढोल-ताशा पथक, वरातीतला ब्रास बँड असं जे मिळेल ते मी हातात मावणाऱ्या रेकॉर्डरवर उतरवत आलोय. त्यामुळे गणपती जवळ आले की ओळखीपाळखीची माणसं तेच ते प्रश्न घेऊन येतात. त्यांची उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवतो. स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगबद्दल यात काही नाही. एक माणूस, एक पिशवी आणि एक रेकॉर्डर, एवढाच मामला.

मोबाइल आहे की! वेगळा रेकॉर्डर कशाला?

मोबाइल बोलण्यासाठी बनवलेला असतो. समोरचा कुजबुजला तरी ऐकू यावं आणि ओरडला तरी कानठळ्या बसू नयेत, म्हणून फोन आवाज आपोआप वरखाली करत राहतो. बँडसमोर नेमकी हीच हुशारी नडते. ढोलाचा ठोका पडला की बाकी सगळं बुडतं, मग हळूहळू वर येतं, तोवर पुढचा ठोका. ऐकताना वाटतं, कुणीतरी पलीकडून दार उघडझाप करतंय. शिवाय ऐन रंगात मामांचा फोन येतो तो वेगळाच.

सरावात नवी चाल विसरू नये म्हणून फोन पुरेसा आहे. लेव्हल (आवाज किती जोरात रेकॉर्ड व्हावा ते) हाताने ठरवू देणारं अ‍ॅप आणि फोनला जोडायचा बरा माइक असेल तर त्याहून थोडं पुढेही जाता येतं. पण हौसेने पुन्हा पुन्हा ऐकावं असं काही हवं असेल, तर वेगळा रेकॉर्डर घ्या.

माहितीपत्रकात आधी कोणता आकडा बघायचा?

बिट नाही, किलोहर्ट्झ नाही (आवाज किती बारकाईने साठवला जातो त्याचे हे आकडे). बघायचा तो कमाल ध्वनिदाब, म्हणजे अंगचा माइक न फाटता किती मोठा आवाज सोसतो तो आकडा. डेसिबल एसपीएल या एककात तो दिलेला असतो, बहुतेक वेळा तळाशी, बारीक अक्षरात.

झूम या रेकॉर्डर बनवणाऱ्या कंपनीच्या एच१एनला ही मर्यादा १२० डेसिबल आहे. टॅस्कॅम या दुसऱ्या कंपनीच्या डीआर-०५एक्स आणि डीआर-४०एक्सला १२५. झूम एच६ सोबत येणाऱ्या एक्सवाय (एकमेकांना तिरके लावलेल्या दोन) माइकला १३६, आणि एच५ व एच४एन प्रो यांना १४०. आकडे एकमेकांच्या शेजारचे वाटतात, पण डेसिबलची मोजपट्टी फसवी असते. २० डेसिबलचा फरक म्हणजे ध्वनिदाबात दहापट फरक.

आता हे तुमच्या उभं राहायच्या जागेशी ताडून बघा. कॉलेजच्या हॉलमध्ये स्टेजपासून आठ-दहा मीटरवर असाल तर १२० डेसिबलवाला रेकॉर्डर बहुतेक वेळा निभावून नेतो. पण ड्रमसेटच्या हातभर अंतरावर स्नेअरच्या (ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमच्या) फटक्याची क्षणभराची टोकं १२० च्या पुढे सहज जातात. ताशाचीही तीच गत. सरावाच्या खोलीत, जिथे भिंतीला टेकूनच उभं राहावं लागतं, तिथे मी १३० च्या खालचं यंत्र नेत नाही.

याच पत्रकात माइकची स्वतःची खरखर किती, हाही आकडा असतो. दिवाणखान्यातली पेटी-तबल्याची बैठक किंवा पहाटेची काकड आरती रेकॉर्ड करायची असेल तर तो महत्त्वाचा. बँडपुढे ती खरखर कुणाला ऐकू येणार?

३२ बिट फ्लोट घेतला की आवाज फाटतच नाही म्हणतात. खरं का?

अर्धं खरं. अशा रेकॉर्डरमध्ये साधारणपणे एकाच माइकचा आवाज दोन रूपांतरकांकडे (आवाजाचे आकडे बनवणाऱ्या भागांकडे) जातो. एक हळू आवाजासाठी, दुसरा मोठ्यासाठी. दोन्ही मिळून इतका मोठा पल्ला पकडतात की लेव्हल चुकली तरी नंतर संगणकावर सावरता येते. शून्याच्या, म्हणजे मीटरवरच्या कमाल रेषेच्या, वर गेलेला आवाजही खाली ओढला की शाबूत निघतो. झूमने २०२४ मध्ये एच१, एच४ आणि एच६ यांची ‘इसेन्शियल’ नावाची पिढी आणली ती याच पद्धतीवर चालते. टॅस्कॅमच्या पोर्टाकॅप्चर एक्स८ मध्येही ती आहे.

पण हे सगळं माइकनंतरचं झालं. माइकचा पडदाच त्याच्या मर्यादेपलीकडे ढकलला गेला तर फाटलेला आवाजच पुढे जातो, मग फाइल ३२ बिटची असो नाहीतर ६४ ची. गाळणीच फाटकी असेल तर खाली कितीही मोठं पातेलं ठेवा, चहात पत्ती येणारच. एच१ इसेन्शियलच्या माइकची मर्यादा जुन्या एच१एनइतकीच, १२० डेसिबल आहे. म्हणून मागचं उत्तर पुन्हा वाचा.

तरीही एकट्याने, स्वतः वाजवता वाजवता रेकॉर्ड करणाऱ्याला मी ३२ बिट फ्लोटच सुचवीन. हातात गिटार असताना लेव्हलकडे कोण बघणार? फक्त ती फाइल तशीच बँडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. आधी आवाज जागेवर आणून साधी फाइल बनवा. नाहीतर ‘कायच ऐकू येत नाही’पासून ‘फाटलंय सगळं’पर्यंत दोन्ही तक्रारी एकाच फाइलबद्दल येतात.

१६ बिट की २४? आणि ९६ किलोहर्ट्झ?

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, डब्ल्यूएव्ही (आवाज न आकसता साठवणारी फाइल). विषय संपला.

कारण हवंच असेल तर, २४ बिटमुळे लेव्हल मुद्दाम कमी ठेवायची सोय होते, आणि ४८ किलोहर्ट्झ व्हिडिओशी जुळतं. ९६ ने फाइल दुप्पट होते, कान तेच राहतात. एमपी३ मध्ये थेट रेकॉर्ड करू नका. झांजा आणि टाळ्या त्यात पाण्यात बुडवल्यासारख्या वाजतात, आणि एकदा गेलेलं परत येत नाही.

मेमरी कार्ड केवढं लागेल?

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ म्हणजे तासाला साधारण १ जीबी. ३२ बिट फ्लोट असेल तर १.४ जीबीच्या आसपास. ३२ जीबीचं कार्ड गणपतीचे दहा दिवस पुरतं. बरेच रेकॉर्डर २ जीबी झाले की पुढची फाइल आपोआप सुरू करतात, म्हणजे दोन तासांनी तुकडा पडतो. घाबरू नका, संगणकावर ते दोन्ही तुकडे टोकाला टोक लावले की सहसा जोड ऐकू येत नाही. कार्ड रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करा, आणि रस्त्यावरचं स्वस्त कार्ड घेऊ नका. वर ६४ छापलेलं असतं आणि आत भलतंच निघतं.

अंगचे माइक पुरेत, की एक्सएलआरची (तीन पिनांच्या तारेची) भोकं असलेला मोठा रेकॉर्डर घेऊ?

तुम्हाला कधी मिक्सरमधून (सगळे माइक आणि वाद्यं जिथे एकत्र येतात त्या पेटीतून) लाइन, म्हणजे थेट तारेने आवाज, घ्यायची आहे का, यावर ते ठरतं. फक्त समोर उभं राहून जे ऐकू येतंय तेच उतरवायचं असेल तर एक्सएलआरचे पैसे वाया जातात आणि पिशवी जड होते. पण बँड तुमच्याच मित्रांचा असेल, मिक्सरवाला ओळखीचा असेल, तर दोन एक्सएलआर असलेला चार ट्रॅकचा रेकॉर्डर घ्या. एच४एन प्रो, एच५, डीआर-४०एक्स हे सगळे त्यात बसतात. दोन ट्रॅकवर मिक्सर, दोनवर अंगचे माइक. यातून जे निघतं त्याची सर नुसत्या माइकला नाही, आणि नुसत्या मिक्सरला तर अजिबात नाही.

का बरं? मिक्सरमधला आवाज तर सगळ्यात स्वच्छ असतो ना?

स्वच्छ असतो, पण अपुरा असतो. मिक्सर हा हॉलमध्ये जे कमी पडतंय ते वाढवण्यासाठी असतो. लहान हॉलमध्ये ड्रम स्वतःच्या जोरावर ऐकू येतात, गिटारचा अँप स्टेजवरच गरजत असतो. मग मिक्सरवाला ते दोन्ही जेमतेम उघडतो, किंवा त्यांना माइकच लावत नाही. वर चढवलेला असतो तो गायक आणि कीबोर्ड. घरी येऊन ऐकलं की गायक अगदी कानात श्वास घेतोय आणि ड्रमर शेजारच्या इमारतीत बसलाय. बँजो पार्टीच्या गाडीवर तर बहुधा बँजो, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड एवढंच मिक्सरमध्ये जातं. कच्छी ढोल आणि ताशे खाली रस्त्यावर वाजत असतात. नुसती मिक्सरची लाइन घेतलीत तर मिरवणुकीतून मिरवणूकच वजा होते.

टाळ्या, शिट्ट्या, ‘वन्स मोअर’ हेही त्यात नसतं. ते माइकनेच येतं.

दोन्ही एकत्र करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. आवाज हवेतून मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद घेतो, तार मात्र काहीच वेळ घेत नाही. रेकॉर्डर स्पीकरपासून १० मीटरवर असेल तर माइकचा ट्रॅक मिक्सरच्या मागे साधारण २९ मिलिसेकंद पडतो, आणि प्रत्येक ठोका दुहेरी वाटतो. संगणकावर एक टाळी किंवा ड्रमरच्या काठ्यांचा चार मोजायचा आवाज शोधा, मिक्सरचा ट्रॅक तेवढा मागे सरकवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण न केलं तर अख्खं रेकॉर्डिंग लंगडतं.

मिक्सरवाल्याकडे लाइन मागायची कशी?

साउंडचेकच्या आधी. कार्यक्रम सुरू व्हायला दहा मिनिटं असताना वायर घेऊन गेलात तर तो तुम्हाला हाकलणार, आणि त्याचं बरोबरच आहे. तारा स्वतःच्या न्या: दोन एक्सएलआर, आणि आरसीए किंवा पाव इंची जॅकवरून येणारी एखादी. मोकळा ऑक्स (वेगळं मिश्रण बाहेर देणारं भोक) मिळाला तर उत्तम, कारण तिथे ड्रम-गिटार वेगळे चढवून देता येतात. नाहीतर ‘रेक आउट’ (रेकॉर्डिंगसाठीचं भोक) असतोच.

रेकॉर्डरवर तीन गोष्टी तपासा. इनपुट लाइनवर आहे, माइकवर नाही. फँटम पॉवर (काही माइकना तारेतून दिली जाणारी वीज) बंद आहे. आणि रेकॉर्डर बॅटरीवर चालतोय, कारण चार्जर लावला की पुष्कळदा पन्नास हर्ट्झची घूं ऐकू येते. एच१ जातीच्या छोट्या यंत्रांचं साडेतीन मिलिमीटरचं भोक मिक्सरच्या जोरदार लाइनला दबतं. मिक्सरवरून आवाज कमी करून घ्या, किंवा मध्ये आवाज घटवणारी तार लावा.

मिक्सरवाल्याला चहा विचारा. याचा ध्वनिशास्त्राशी काही संबंध नाही, पण पुढच्या वेळी तो तुम्हाला ओळखतो.

रेकॉर्डर ठेवायचा कुठे?

माझ्या मते रेकॉर्डिंगचं निम्मं यश इथेच ठरतं. महागडा रेकॉर्डर वाईट जागी ठेवण्यापेक्षा साधा रेकॉर्डर चांगल्या जागी ठेवलेला परवडतो.

हॉलमध्ये: दोन स्पीकरमधलं जेवढं अंतर, साधारण तेवढंच अंतर त्यांच्यापासून धरून मध्यरेषेवर. लोकांच्या डोक्यांच्या वर, म्हणजे उंच स्टँडवर. मिक्सरजवळची जागा बहुतेक वेळा बरी असते, पण तो कोपऱ्यात किंवा बाल्कनीखाली असेल तर तिथे जाऊ नका. कोपऱ्यात बेस फुगतो, बाल्कनीखाली सगळं गढूळ होतं. टेबलावर, खुर्चीवर, स्टेजच्या फळीवर रेकॉर्डर नुसता ठेवू नका. पायांचा धप्पधप्प थेट माइकमध्ये जातो. मागे तिपाईचा स्क्रू असतो तो त्यासाठीच. काहीच नसेल तर खाली घडी केलेला टॉवेल.

सरावाच्या खोलीत: ड्रमरच्या समोर, झांजांपासून शक्य तेवढं दूर. आधी कुठल्याही एका जागी अर्धं गाणं रेकॉर्ड करा, हेडफोनवर ऐका, मग सरकवा. गायक ऐकू येत नसेल तर लेव्हल वाढवून काही होणार नाही. रेकॉर्डर त्याच्या स्पीकरकडे न्या, किंवा गिटारवाल्याला अँप कमी करायला सांगा. दुसरा उपाय मी एकदाच यशस्वी झालेला पाहिलाय.

रस्त्यावर: ढोल-ताशा पथकाच्या रांगांमध्ये शिरलात तर फक्त शेजारचा ढोल मिळतो. पथक समोरून येतंय, तुमच्यापुढे थांबून वाजवतंय आणि पुढे जातंय, हा सगळा प्रवास हवा असेल तर पहिल्या मजल्याची गॅलरी गाठा. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर ओळखीचं घर असणं हे कुठल्याही माइकपेक्षा मोलाचं. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे चार पावलं मागे जाणं हे फुकटातलं आवाज कमी करायचं बटण आहे. ब्रास बँडच्या बाबतीत ट्रंपेटच्या तोंडासमोर उभं राहू नका. थोडं बाजूला व्हा, म्हणजे मागचा युफोनियम (जाड सुराचं पितळी वाद्य) आणि ड्रमही येतील.

लेव्हल किती ठेवू?

साउंडचेकला जे मिळेल त्यापेक्षा कमी. साउंडचेकला सगळे सज्जनासारखे वाजवतात, लोक भरले की जोर चढतो. सर्वात मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. कार्यक्रमात तो उणे ६ पर्यंत जाईल, तरी वर जागा उरते. २४ बिटमध्ये कमी लेव्हल नंतर वाढवता येते, फाटलेला आवाज शिवता येत नाही.

ऑटो लेव्हल बंद. तेच मोबाइलचं दुखणं पैसे देऊन का घ्यायचं? लो कटही (खालचे सूर कापणारी सोय) ढोल आणि बेस गिटारसाठी बंद ठेवा. तो वाऱ्यासाठी आणि पंख्यासाठी आहे. लिमिटर (टोकाचा आवाज दाबून धरणारी सोय) चालू ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका. त्याऐवजी एच५, एच६ मध्ये १२ डेसिबल कमी लेव्हलची दुसरी प्रत सोबत काढायची सोय आहे, डीआर-४०एक्समध्येही तशी दुहेरी सोय आहे. ती जरूर वापरा. ती प्रत दहातल्या एका वेळी लागते, पण तेव्हा दुसरं काहीच कामाला येत नाही.

बॅटरी?

ज्यात एए किंवा एएए सेल बसतात तोच घ्या. आतली बॅटरी रात्री नऊला संपली तर बाहेरची पानटपरी काही करू शकत नाही, सेल मात्र तिथे मिळतात. रिचार्जेबल सेल वापरत असाल तर मेन्यूत तसा प्रकार निवडा, नाहीतर बॅटरी किती उरली ते चुकीचं दिसतं. आणि सेल बदलायचे ते साडेनऊच्या आत. रात्री १० ला ध्वनिक्षेपक बंद करायचा नियम असल्याने सगळे बँड आपली हुकमाची गाणी शेवटच्या अर्ध्या तासात काढतात.

वारा आणि पाऊस?

स्पंजची टोपी फुंकरीपुरती. उघड्यावर केसाळ टोपीच लागते. पाऊस आला तर छत्री धरा, पण छत्रीवरचे थेंब रेकॉर्ड होणार हे गृहीत धरा. प्लॅस्टिकच्या पिशवीत रेकॉर्डर घालून चालू ठेवण्याचा प्रयोग मी केलाय. दीड तास पिशवीचा चुरचुराट रेकॉर्ड झाला.

जुना, वापरलेला घ्यावा का?

घ्यावा की. २००७ मध्ये आलेला सोनी पीसीएम-डी५० आजही लोक प्रेमाने वापरतात. त्यात २० डेसिबल कमी लेव्हलचा दुसरा आवाज सतत बाजूला धरून ठेवून फाटलेली जागा भरून काढण्याची युक्ती होती. मात्र मुंबईत लॅमिंग्टन रोडला घ्या किंवा पुण्यात तपकीर गल्लीत, दुकानातच हेडफोन लावून तपासा. दोन्ही माइक सारखे चालतात का, लेव्हलचं चाक फिरवताना खरखरतं का, हेडफोनचं भोक ढिलं आहे का, सेलच्या पट्ट्यांवर हिरवा गंज आहे का. माइकवर बोटाने टकटक करू नका, हळू बोलून बघा.

रेकॉर्ड करायला परवानगी लागते का?

बँडला विचारा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क दिलेला आहे. स्वतःपुरतं ऐकायला केलेल्या रेकॉर्डिंगला कलम ३९ मध्ये सूट आहे, पण इंटरनेटवर टाकणं स्वतःपुरतं होत नाही. दुसऱ्याचं गाणं वाजवलं असेल तर त्या गाण्याच्या मालकाचा हक्क वेगळा. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या रात्री गायकाचा घसा बसला होता ती रात्र त्याला न विचारता जगापुढे मांडू नये.

माझ्या कानांचं काय?

इअरप्लग घाला. ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, हा सुरक्षिततेचा रूढ हिशोब आहे. १०० डेसिबलला पंधरा मिनिटंच उरतात. रेकॉर्डर बिघडला तर नवा मिळतो.

बरं, शेवटी एक नाव सांगा ना.

एक नाव नाही सांगत, तीन सांगतो. फक्त प्रेक्षकांत बसून रेकॉर्ड करणार आणि बजेट कमी: डीआर-०५एक्स. सरावाची खोली, रस्ता, ढोल, मिक्सर, सगळंच: एच५, किंवा वापरलेला एच४एन प्रो. स्वतः वाजवता आणि लेव्हलची कटकट नको: एच४ इसेन्शियल. एच६ चांगला आहे, पण चार एक्सएलआर भरायला चार माइक, चार स्टँड आणि उचलायला एक भाऊ लागतो.

पहिल्या कार्यक्रमात हमखास होणारी चूक कोणती?

रेकॉर्डचं बटण एकदाच दाबणं. एच४एन, डीआर-४०एक्स अशा बऱ्याच यंत्रांत पहिल्या दाबाने रेकॉर्डर नुसता तयारीत उभा राहतो. लाल दिवा लुकलुकतो, मीटर नाचतात, हेडफोनमध्ये सगळं ऐकू येतं. फाइल मात्र दुसऱ्यांदा दाबल्यावरच सुरू होते. दिवा स्थिर आहे का आणि वेळेचा आकडा पुढे सरकतोय का, हे बघा.

हे मी कसं शिकलो तर, मित्रांच्या बँडच्या पहिल्यावहिल्या कार्यक्रमाला दोन तास मी लुकलुकत्या दिव्यासमोर समाधानाने मान डोलवत बसलो होतो. शेवटच्या गाण्यानंतर रेकॉर्डिंग बंद करायला म्हणून तेच बटण पुन्हा दाबलं आणि रेकॉर्डर पिशवीत टाकला. त्या रात्रीची माझ्याकडे एकच फाइल आहे. अकरा मिनिटांची. खुर्च्या घडी होतायत, कुणीतरी वायर गुंडाळतंय, आणि एक बाई सगळ्यांना विचारतायत, आमची छत्री दिसली का?